चौतिसावा दिवस

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. श्रीरंगदादाने तशी शपथच घातली होती. पण नानांना ते माझ्याकडून कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

“आज कितवा दिवस?” नानांनी विचारलं.

“चौतिसावा,” दादा म्हणाला.

नाना गुरव आमच्या देवळात पखवाज वाजवतात आणि शिकवतात. शिकतो दादा. मी नववीत आहे. मी शाळेतून येऊन कणीक भिजवते. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापली, की त्याला खोल आवाज येतो. वाजवून झालं की ती काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी नवी.

दादाचं दुखणं साधं दिसत होतं. कॅच घेताना बॉल उजव्या तर्जनीच्या टोकावर बसला. रक्त नाही, काही नाही. फक्त शेवटचं पेर खाली लोंबलं आणि त्याला ते वर उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, पेर उचलणारी शीर तुटली आहे. सहा आठवडे पट्टी, दिवसरात्र. पट्टी बदलतानाही बोट टेबलावर सपाट ठेवायचं. एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या चौतिसाव्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमेच्या उत्सवाला सहा आठवडे उरले होते. यंदा नाना स्वतःच्या जागेवर दादाला बसवणार होते.

“म्हणजे आठच दिवस राहिले,” दादा म्हणाला. “मग उत्सवापर्यंत हात तयार करतो की नाही बघा.”

 नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक थापली.

“श्रीरंग, चिकटली का, बघ.”

“आत्ताच तर लावली तिने.”

“बघ तर खरं.”

दादाने डाव्या अंगठ्याने कणकेची कड उचलली.

“चिकटली होती, नाना.”

“होती ना?”

नानांनी डाव्या हाताने थाप दिली. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज आला.

…

दादाची मान खाली गेली. मी परातीतलं पीठ उगाच गोळा करत राहिले.

“रुजूने सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? काल दुपारी मी देवळामागे अंघोळ करत होतो. ‘तिरकिट’चा बोल एकदाच वाजला. तीन अक्षरं बरी होती. चौथं लंगडलं.”

“एकदाच, नाना. एकदाच पट्टी काढली. वाटलं, बोट विसरून जाईल.”

“विसरलं?”

“नाही…” दादाचा आवाज बारीक झाला. “त्याला सगळं आठवत होतं. उचललं जात नव्हतं.”

मी ते पाहिलं होतं. पेर पहिल्या दिवशीसारखंच खाली गेलं होतं. दादाने घाईघाईने पट्टी बांधली आणि मला शपथ घातली.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा,” नाना म्हणाले. “आणि त्यांना खरं सांग.”

“ते पुन्हा पहिल्यापासून मोजतील. उत्सव जाईल माझा.”

“आज कितवा दिवस, श्रीरंग?”

पायरीशी कुणीतरी पायातलं काढून ठेवलं, त्याचा आवाज आला. घंटा वाजली. विरली.

“पहिला,” दादा म्हणाला.

नानांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “दुसरी कणीक लाव. आणि तिथेच बस.”

“कुठे?” मी विचारलं.

त्यांनी पखवाजामागच्या आसनाकडे बोट केलं. माझे हात मनगटापर्यंत पिठाने भरले होते.

“ही?” दादा हसला. “हिला पोळ्या लाटता येतात, नाना.”

“पाच वर्षं ऐकते आहे. मधे बोलत नाही. तुझ्यापेक्षा एवढं तरी बरं. तू बोल म्हणायचे, तिने वाजवायचे.”

“मी नुसतं तोंडाने?”

“तोंडाची शीर शाबूत दिसते तुझी.”

दादा उठून गेला. पायरीपर्यंत गेला. मग परत आला, खांबाला टेकून बसला, आणि म्हणाला, “धा…”

मी वाजवलं. वाईट वाजवलं. त्याने पुन्हा म्हटलं.

आज अकरावा दिवस. दादा उजवा हात मांडीवर ठेवतो. पट्टीतलं बोट सरळ असतं, बाकीची बोटं नकळत हलतात. तो माझ्याकडे बघत नाही. पखवाजावर त्याचं बोट जिथे पडायचं, तेवढ्याच जागेकडे बघतो, भुकेला माणूस ताटाकडे बघतो तसा. पण बोल असे म्हणतो, की ते माझ्या हातात आपोआप येतात. हातानेही त्याने इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं.

काल त्याने विचारलं, “नाना, पट्टी निघाल्यावर पूर्वीसारखं वाजेल?”

नानांनी कणकेची कड अंगठ्याने दाबून बघितली.

त्याचं बोट बरं व्हावं, असं मी रोज देवाजवळ मागते. अगदी मनापासून मागते. पण मागून झालं की माझे हात पखवाजावरून उचलवत नाहीत, आणि मला वाटतं, ज्या दिवशी त्याची पट्टी निघेल त्या दिवशी मी पुन्हा—

“रुजू!” दादाची हाक आली. “वही ठेव. कणीक वाळायच्या आत ये.”