मध्येच वाजलेली टाळी

एकदा एका लहान शहरात एक वृद्ध संगीतशिक्षक राहत होते. अर्धे आयुष्य खपून त्यांनी पाश्चात्त्य संगीत वाजवणारा चाळीस वादकांचा एक वाद्यवृंद उभा केला होता. आता वादक थकले होते आणि त्यांच्यामागे शिकायला कोणी येत नव्हते. म्हणून गुरुजींच्या एका शिष्याने एका रविवारी सकाळी गावातल्या मुलांना आईवडिलांसह बोलावले. चार भागांची एक जुनी रचना ऐकवायची, असे ठरले. मुलांना गोडी लागली तर ती शिकायला येतील. नाहीतर हा वाद्यवृंद या चाळीस जणांबरोबरच संपेल, हे शिष्य जाणून होता.

सभागृह भरले. गुरुजी व्हायोलिनवाल्यांच्या शेवटच्या खुर्चीवर बसले. वादकांना ताल दाखवायची छडी हातात घेऊन शिष्याने श्रोत्यांना बजावले, "चारही भाग संपेपर्यंत कोणी टाळी वाजवू नये. या संगीताची तशी रीत आहे."

पहिला भाग संपला आणि तिसऱ्या रांगेतली एक पाच-सहा वर्षांची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. एकटीच.

"ठकू, बस खाली! लोक बघतायत," वडिलांनी तिचे हात धरले. शिष्याने वळून अशा नजरेने पाहिले, की ठकूला रडूच फुटले. वडील ओशाळले आणि तिला कडेवर घेऊन निघाले. त्यांच्यामागून आणखी दोन कुटुंबे उठली. "चला, आपल्याला नाही बाई हे कळायचं," एक आई पुटपुटली.

तेवढ्यात गुरुजींनी व्हायोलिन खुर्चीवर ठेवले. ते सावकाश पायऱ्या उतरून आले आणि ठकूपुढे हात जोडून उभे राहिले.

"काय आवडलं बाईसाहेबांना?"

ठकू नाक ओढत म्हणाली, "ते मोठं वाजतं ना... आमचे आजोबा घोरतात तसं."

सभागृहात हशा पिकला. व्हायोलिनसारखाच पण भलाथोरला, खर्जात वाजणारा चेलो उभा धरून बसलेले एक वादक मंचावरूनच ओरडले, "चला, इतक्या वर्षांत एकीनं तरी माझं ऐकलं!"

"मग तेवढंच वाजवा पुन्हा," गुरुजी म्हणाले.

चेलो एकटाच वाजला. ठकू हसली, आणि तिच्या वडिलांच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेले.

शिष्य जवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, रीत मोडली."

"रीत चांगलीच आहे, बाळा. पण पहिल्यांदा दारात आलेल्या पाहुण्याला आधी आत घ्यावं. कुठं बसायचं ते मग सांगावं. आपली माणसं मैफलीत वाढलेली. सम आली की त्यांचा हात उठतोच, तो काही उद्धटपणा नव्हे. या पोरीनं चाळीस वाद्यांतून एक वेगळं ऐकलं. तुला तेवढं ऐकू यायला दोन वर्षं लागली होती, आणि मी एकदाही डोळे वटारले नव्हते."

शिष्याची मान खाली गेली. मग त्याने श्रोत्यांना हात जोडले. "बसा. मनात येईल तेव्हा दाद द्या."

उठलेली माणसे बसली. दुसरा भाग संथ होता. तो संपला तेव्हा कोणीच टाळी वाजवली नाही. ठकू वडिलांच्या दंडाला टेकून निश्चल बसली होती. बजावूनही न मिळालेली शांतता आता न मागता आली होती. शिष्याने छडी खाली घेतली आणि ती शांतता सरेपर्यंत तो थांबून राहिला.

त्या दुपारी घरी जायची कोणालाच घाई नव्हती. मुले मंचावर चढली होती, आणि शिष्य गुडघे टेकून एकेकाच्या खांद्यावर व्हायोलिन ठेवून पाहत होता.