कोणाकडून ऐकलंत, सर?

पत्रकारिता विभागाचे प्रमुख डॉ. खांडेपारकर यांच्यापुढे भलेभले संपादक हात जोडत, कारण त्यांनाही पीएच.डी. हवी असे. शहनाज मुलाणीची नोंदणी त्यांच्याच होकारावर अडली होती. पैगंबरांचे वचन सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, आणि ती माणसे खरे बोलणारी होती का, हे जुने मुस्लिम विद्वान मुळापर्यंत तपासत. हीच कसोटी आजच्या बातम्यांना लावायची, हा तिचा विषय.

"बाई, मदरशातलं इथं कशाला?" संशोधन समितीच्या बैठकीत सर म्हणाले. "शिवाय आम्ही ऐकलंय, हे सगळं तुम्हाला कोणी मौलवी लिहून देतो."

"कोणाकडून ऐकलंत, सर?"

"विभागात सगळेच बोलतात."

"पहिल्यांदा कोण बोललं?"

सरांनी शेजारच्या प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांनी पंख्याकडे पाहिले.

"त्या विद्वानांनी ही बातमी दारातूनच परत पाठवली असती," शहनाज म्हणाली. "पत्रकारिता विभागात मात्र ती खुर्ची घेऊन बसलीय. म्हणून तर हा विषय घेतला, सर."

समितीतले एक सदस्य हसले आणि लगेच खोकले.

विषय नामंजूर झाला. कारण दिले होते, 'या विषयाला काहींचा आक्षेप असल्याचे समजते.' कोणाकडून समजते, हे लिहिण्याची विद्यापीठात पद्धत नाही.