मधल्या दाराची चौकट

एक मुलगी टेकडी चढताना मुकी होत असे आणि टेकडी उतरताना तिला पुन्हा वाचा फुटत असे.

टेकडीवर एका वृद्ध आचार्यांची शाळा होती. आचार्यांचे वय नेमके किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. गावातल्या आजोबांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अलीकडे ते जांभळीखाली चटईवर बसून असत. एक डोळा मिटलेला, एक उघडा. शिकवण्याचे काम त्यांचा शिष्य करी. शिष्य विद्वान होता, कष्टाळू होता, आणि त्याचे अक्षर इतके रेखीव होते की रागावून लिहिलेले पत्रही भिंतीवर लावावेसे वाटे. गाव त्याला धाकटे गुरुजी म्हणे.

मुलीचे नाव सगुणा. टेकडीखालच्या पेठेत तिच्या वडिलांचे गुळाचे दुकान होते. ती शाळेत येऊ लागून आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत शिष्याने तिचा आवाज ऐकलेला नव्हता. पाढा विचारला की ती पायाच्या अंगठ्याकडे पाही. श्लोक विचारला की आढ्याकडे पाही. कानांत दोष असेल अशी शंका येऊन एकदा त्याने तिच्या पाठीमागे पितळी घागर फरशीवर सोडली. सगळी शाळा किंचाळली. जांभळीवरचे कावळे जे उडाले ते तिसऱ्या दिवशी परतले. सगुणाही दचकली, पण अगदी बिनआवाजाची.

तेव्हा शिष्याने रीतसर चिठ्ठी लिहिली. “आपली कन्या बोलत नाही. तिला अध्ययनात गती नाही असे दिसते. कळावे.” आणि चिठ्ठी सगुणाच्याच झोळीत घातली, कारण टेकडी उतरून त्या घरी जाणारे दुसरे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. कागदाला गुळाचे बोट लागले होते. “आमची पोर बोलत नाही? ती बोलायला लागली की गुळावरच्या माश्या कंटाळून समोरच्या दुकानात जातात. दोष तुमच्या शाळेत असावा. कळावे.”

अशा अकरा चिठ्ठ्या खाली गेल्या आणि अकरा उत्तरे वर आली. चौथ्या चिठ्ठीत शिष्याने ‘मंदबुद्धी’ हा शब्द वापरला. सातव्या चिठ्ठीत त्याने एक संस्कृत सुभाषित घातले; सुभाषिताला काय उत्तर द्यावे ते न सुचल्यामुळे व्यापाऱ्याने त्या दिवशीचा गुळाचा भाव लिहून पाठवला. आठव्या उत्तरात त्याने शिष्याला ‘कोरडी विहीर’ म्हटले. वाद पुढे इतका विकोपाला गेला की शेवटी दोघांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत झाले: सगुणाचे नाव शाळेतून काढून टाकावे.

ते सांगायला व्यापारी स्वतः टेकडी चढून आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. बसा म्हटले तरी तो बसला नाही. तो आणि शिष्य आचार्यांसमोर उभे राहिले, एकमेकांकडे न पाहता.

“गुरुजी, पोरीचं नाव काढा,” व्यापारी म्हणाला. तोही लहानपणी याच चटईसमोर बसून शिकला होता. “पौर्णिमेपासून ती घरी बसेल. चार वाती वळेल, पण मुकी म्हणवून घेणार नाही.”

“गुरुजी, माझंही तेच म्हणणं आहे,” शिष्य म्हणाला. “जी तोंडच उघडत नाही, तिला मी शिकवलेलं कळलं की नाही हे मला कळणार कसं?”

“बघा गुरुजी! स्वतःला कळत नाही, आणि दर चिठ्ठीत मला कळवतात!”

आचार्यांनी मिटलेला डोळा उघडला. शिष्याने बारा वर्षांत तो उघडलेला तीनदाच पाहिला होता.

“ती घरी बोलते, ती कुठे?” त्यांनी व्यापाऱ्याला विचारले.

“कुठे म्हणजे? घरात.”

“घर ऐसपैस आहे तुझं. माजघरात? चुलीपाशी? झोपाळ्यावर?”

व्यापारी थबकला. हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते, त्यानेही स्वतःला विचारले नव्हते. “मधल्या दारात,” तो सावकाश म्हणाला. “पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार आहे. त्याच्या चौकटीला टेकते आणि सुरू होते.”

“छान. मग ती चौकट उद्या इथे घेऊन ये.”

“चौकट? भिंतीतली?”

“भिंत नको. भिंत जड होईल.” आचार्य शिष्याकडे वळले. “आणि तू ती अंगणात उभी करून धरायची. उद्याचा दिवस जाऊ दे. नाव परवा काढू.” आणि तो डोळा पुन्हा मिटला.

शिष्याला त्या रात्री वाईट वाटले. गुरूंची बुद्धी वयापुढे हरली, असे त्याने मनाशी ठरवले. खाली पेठेत व्यापाऱ्याच्या बायकोने सुतार पाहून कपाळाला हात लावला. “आधी पोरीला शाळेत घातलं, आता दाराला घालताय,” ती म्हणाली. “उद्या चूल न्याल!” पण आचार्यांचा शब्द मोडण्याची त्या गावात रीत नव्हती. चौकट निघाली. तिच्या जागी बाईने गोधडी टांगली. बैलगाडी पेठेतून निघाली तेव्हा लोक ओट्यांवर आले, आणि गाडी टेकडीशी पोचेपर्यंत चार गावांत बातमी गेली होती की शाळा आता फी म्हणून घरे घेते.

चौकट जुन्या सागाची, उंबरठ्यासकट. दोन बैल धापा टाकत होते. आचार्यांनी बावीसही मुलांना पाचरीसाठी दगड आणायला ओढ्यावर पिटाळले: प्रत्येकाने एकच आणायचा, पण पांढरा, गोल आणि कबुतराच्या अंड्याहून मोठा नाही. असा दगड त्या ओढ्यात सापडायला पाऊण दिवस लागतो, हे त्यांना माहीत असावे. मग अंगणात उरले चौघे. आचार्य पाठ फिरवून जांभळीखाली बसले. शिष्याने एका खांबाला मिठी मारली आणि गाल लाकडाला लावून सगळा भार पेलला. व्यापारी दुसऱ्या खांबाशी आला. गाडीमागून चालत आलेली सगुणा चौकटीजवळ उभी राहिली.

“हं, सगुणे,” व्यापारी मोठ्याने म्हणाला, “म्हण आता एकोणतीसचा पाढा. दाखव यांना.”

सगुणाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले.

“म्हण की गं. परवाच म्हणालीस ना?”

सगुणाने आढ्याकडे पाहिले असते, पण वर आढे नव्हते, आभाळ होते. तिने आभाळाकडे पाहिले.

शिष्याला क्षणभर आपण जिंकल्यासारखे वाटले. मग खांबाच्या कडेने त्याला व्यापाऱ्याचा चेहरा दिसला. ज्याच्या आवाजाने गुळाच्या ढेपीला तडा जातो असे पेठेत म्हणत, त्याचा आवाज सुतासारखा निघाला: “सगुणे… घरी बोलतेस ना गं तू?”

शिष्याने नजर काढून घेतली आणि गाल पुन्हा लाकडाला टेकवला. जिंकणे त्याला वाटले होते तितके गोड नव्हते.

“अरे, चौकट डुगडुगते आहे,” जांभळीखालून आवाज आला. “पोरीचं राहू दे. आधी पाचर ठोक.”

व्यापारी मुकाट्याने पाठमोरा खाली बसला. त्याने गाडीतली लाकडी पाचर उंबरठ्याखाली घातली आणि हातोडी चालवू लागला. हात कामात गुंतले, राग आणि लाज दोन्ही थोडी निवळली, आणि दुकानात तागडीशी बसून गेली कित्येक वर्षे जे तो संध्याकाळी म्हणत आला होता, ते त्याच्या तोंडून आपसूक निघाले.

“हं… मग?”

“मग काय अप्पा,” मागून आवाज आला, “बैल सारखा डावीकडेच बघत होता, त्याला आज कडबा मिळाला नाही वाटतं. आणि आईनं गोधडी उलटी टांगलीये, ठिगळं दुकानाच्या बाजूला आलीत.”

सगुणा चौकटीला टेकली होती. एक पाय उंबरठ्यावर, दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत.

“हं. मग?” व्यापाऱ्याची हातोडी चालूच होती, किंचित हळू.

“तो पाढा मला येतो, अप्पा. पण इथं उभं राहून म्हणायचं असतं. बावीस पोरं आणि धाकटे गुरुजी, म्हणजे सेहेचाळीस डोळे. थोरल्या गुरुजींचा एकच धरायचा. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस डोळे बघायला लागले की पाढा घशात बसतो, वर येतच नाही. तुम्ही कसं, गूळ जोखता. बघत नाही.” आणि मग, वाटेतला दगड पायाने उडवावा तसा, तिने एकोणतीसचा पाढा थेट दाहेपर्यंत उडवून दिला.

शिष्याला पुढे होऊन तिच्याकडे पाहायचे होते. पण चौकट सोडली तर चौकट तिच्या वडिलांच्या डोक्यात पडणार होती.

“धाकटे गुरुजी चिठ्ठी लिहिताना जीभ बाहेर काढतात,” सगुणा म्हणाली. “आणि नाक असं करतात.” कसे, ते शिष्याला दिसले नाही, व्यापाऱ्यालाही नाही. “तुम्ही त्यांना कोरडी विहीर म्हणालात ना आठव्या चिठ्ठीत, त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्लीच नाही. कुत्र्याला घातली.”

हातोडी थांबली. “तू चिठ्ठ्या वाचल्यास?”

“सगळ्या. माझ्याच झोळीत होत्या की. त्यांच्या अकरा, तुमच्या अकरा. पाठ आहेत.” ती जरा थांबली. “मंदबुद्धी चौथ्या चिठ्ठीत होतं. त्या दिवशी तुम्ही दोन ढेपी फोडल्यात, आणि मग पोत्यांमागं जाऊन बसलात. आई जेवायला बोलवत होती तरी.”

कोणीही वळून पाहिले नाही. लाकडाला गाल लावून उभ्या असलेल्या शिष्याला आठवले, की तो शब्द लिहिताना जोडाक्षर नीट साधले नाही म्हणून त्याने कागद बदलला होता. तेवढीच दुरुस्ती त्याने केली होती.

ओढ्याकडून मुलांचा गलका ऐकू आला, आणि सगुणा वाक्याच्या मध्येच थांबली. पुढचे तिला कोणी विचारले नाही.

आचार्य उठले, चौकटीपाशी आले. त्यांनी सगुणाला मुलांचे दगड मोजून घ्यायला पाठवले आणि दोघांकडे पाहिले. या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

“गुरुजी,” शिष्याने विचारले, “चौकटीपाशी ती बोलेल हे आपल्याला ठाऊक होतं?”

“मला? छे. चौकटीत काय आहे? सागवान आहे. काल तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे होतात आणि बारावी चिठ्ठी तोंडानं वाचलीत. ‘बसा आणि बोला’ म्हटलं असतं, तर तेरावी वाचली असतीत. म्हणून असं काहीतरी मागितलं, जे झोळीत घालून पाठवता येत नाही. चौकट आणायला एक माणूस लागतो आणि उभी धरायला दुसरा. आणि ती उभी राहीपर्यंत दोघांनाही निघून जाता येत नाही.” त्यांनी उंबरठ्यावरून हात फिरवला. “तुला दिसली ती मुकी, तीही खरी. याला दिसते ती बोलकी, तीही खरी. बावीस चिठ्ठ्यांत तुम्ही बावीस वेळा ‘कळावे’ लिहिलंत, बाबांनो. त्यांतल्या एकीत तरी काही विचारलं होतंत?”

व्यापाऱ्याने हातोडी गाडीत ठेवली. मग तो म्हणाला, “धाकटे गुरुजी, तो खांब सोडू नका हं. दुसरी बाजू मी धरतो.” आणि दोघांनी मिळून चौकट पुन्हा गाडीवर चढवली. नाव काढण्याचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी ती जागेवर बसवायला शिष्य पेठेत गेला. गोधडी खरोखरच उलटी टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा शिष्य मुलांकडे पाठ करून बसला आणि बोरू तासू लागला. बावीस मुलांना त्याने पाट्यांवर मान खाली घालून बाराखडी लिहायला लावले होते. बराच वेळ गेला. “हं,” तो बोरूकडे पाहत म्हणाला, “मग?”

त्याने आणखी तासले. बोरू दातकोरणीएवढा झाला, तेव्हा पाठीमागून एक बारीक आवाज आला: “एकोणतीस एके एकोणतीस.” शिष्याने मागे पाहिले नाही. त्याने दुसरा बोरू घेतला.

त्या दिवशी त्याने बारावी चिठ्ठी लिहिली. तीत एकच ओळ होती: “सगुणा आज घरी गेल्यावर काय म्हणाली?”

दुसऱ्या दिवशी सगुणाच्या झोळीत उत्तर नव्हते. उन्हे कलल्यावर व्यापारीच टेकडी चढून आला, हात गुळाने माखलेले, दुकान तसेच उघडे टाकून.

“चिठ्ठीत मावेना,” तो शिष्याला म्हणाला, “म्हणून आलो.”

जांभळीखाली आचार्य चटईवर एका कडेला सरकले, आणि दोन माणसांपुरती जागा झाली.