येसूच्या दारातला तगादा

राजे हत्तीवर बसून प्रजेला भेटायला निघत आणि निरोप माणसांच्या पायांनी चालत, त्या फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तुमच्याच जास्त कामाची आहे.

एका नदीच्या काठी विणकरांचं गाव होतं. त्या गावात येसू नावाची तरुण कोष्टीण राहत होती. नवरा साथीत गेलेला. घरात ती आणि तिची सासू ठकूबाई, आणि दोघींचं पोट भरणारा एक माग. येसूच्या हाताला अशी सफाई होती की दूरदूरची गिऱ्हाइकं स्वतः रेशीम आणून देत आणि लग्नाचे शालू तिच्याकडूनच विणून घेत.

एका सकाळी तिच्या दारात हलगी कडाडली!

दारात राणबा उभा होता. गावातल्या सावकाराच्या वसुलीचा तो म्होरक्या. पिळदार मिशा, हातात काठी, मागे दोन गडी.

"ए येसू कोष्टिणी!" तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "सावकाराच्या पेढीवरून रेशीम उधार नेलंस, आता तोंड लपवतेस? पैसे टाक! नाहीतर सूर्य माथ्यावर आला की माग उचलून नेतो!"

येसू दारात आली. "कसलं रेशीम? मी पेढीची पायरीसुद्धा चढले नाही कधी."

"घेणारे सगळे असंच म्हणतात," राणबा हसला. "वाजव रे!"

हलगी पुन्हा कडाडली. समोरच्या कुशाबाने आपली खिडकी लावून घेतली. शेजारच्या बायका आत सरकल्या. येसूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काही केलं नसतानाही तिला चोरासारखं वाटू लागलं.

ठकूबाईने तिला मागे ओढलं. "देऊन टाक गं पोरी. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोड. पण चार लोकांत शोभा नको."

म्हातारी पाटल्या उतरवू लागली. त्या मनगटातून निघेनात. तिने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत जोर लावला, आणि ते पाहून येसूने तिचा हात धरला.

"आत्याबाई, थांबा!" ती म्हणाली. "जे घेतलंच नाही ते फेडायचं कसं?"

आता याच गल्लीच्या टोकाला पारावर धोंडजी बसलेला असे. दात गेलेले, पाठ वाकलेली, पण एके काळी तो राज्याचा दवंडीवाला होता. हलगीचा आवाज ऐकून तो काठी टेकत आला.

"पोरी, घेतलं असशील तर फेड," तो म्हणाला. "खरं देणं बुडवू नये. पण घेतलं नसशील तर तीन शब्द बोल. म्हण, माझी हरकत आहे."

"त्यानं काय होईल, बाबा?"

"मीच याच गल्लीत ओरडून सांगितलाय तो कायदा! देणारा हात समोर आल्याशिवाय घेणारा हात ठरत नाही. हरकत घेतली की न्याय होईपर्यंत तगादा बंद. दारात वाजवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, आणि ज्याच्यावर पोट चालतं त्या अवजाराला तर हात लावायचाच नाही. मात्र हरकत न्यायाधीशाच्या कानावर जायला हवी."

राणबा खो खो हसला. "कुठल्या जमान्यातला कायदा सांगतोस, म्हाताऱ्या?"

"जमाना बदलला असेल," धोंडजी शांतपणे म्हणाला, "पण कायदा बदलल्याची दवंडी मी तरी ऐकली नाही."

येसूने पदर खोचला. ती राणबाच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "माझी हरकत आहे!"

राणबाचं हसू जरा आखडलं. "न्यायाधीश आज नदीपलीकडच्या पेठेत आहेत. जा, गाठ त्यांना. दुपारपर्यंत परत आलीस तर बरं."

आणि येसू पळत सुटली!

गल्ली संपली, बाजार संपला, घाटाच्या पायऱ्या आल्या. नदी दुथडी भरलेली नव्हती, पण ओढ मोठी होती. काठावर नाव बांधलेली होती आणि नावाडी शेजारीच बसला होता. येसूला पाहताच त्याने मान खाली घातली.

"राणबानं आधीच बजावून ठेवलंय, वहिनी. तगादा लागलेल्या कुणालाही पलीकडे नेलं तर उद्या माझ्या दारात हलगी वाजेल."

येसूने पाण्याकडे पाहिलं. तिला पोहता येत नव्हतं. तरी तिने पाण्यात पाय घातला. दोन पावलांत पाणी गुडघ्याला लागलं, आणखी दोन पावलांत कमरेला.

"अगं ए, बुडशील!" नावाड्याची बायको भागू जाळं टाकून धावत आली. तिने येसूला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "नाव माझ्या बापानं दिलीय, राणबाच्या बापानं नाही. बस गं तू आत!"

तिने स्वतः वल्हं उचललं, आणि नाव बाणासारखी सुटली.

इकडे घरी काय चाललं होतं? सूर्य माथ्यावर यायची वाट कोण पाहतो! येसू दिसेनाशी होताच राणबाचे गडी घरात शिरले. पण आत जाऊन पाहतात तो काय, ठकूबाई मागाखालच्या, विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात उतरून बसलेली! जन्मभर कुणाला उलटून न बोललेली ती म्हातारी, दोन्ही हातांनी मागाला मिठी मारून ओरडत होती, "उचलायचाच तर मला धरून उचला!"

आणि दारात धोंडजीने छाती भरून श्वास घेतला. कित्येक वर्षांत निघाला नव्हता तो आवाज निघाला:

"ऐका हो ऐका! या घरातून हरकत निघाली आहे हो! न्यायाआधी जो या मागाला हात लावील, तो वसुलीवाला नव्हे, चोर ठरेल हो!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी. लोक बाहेर येऊ लागले. चोर हा शब्द ऐकून गड्यांचे हात मागाजवळच थबकले. राणबा "उचला, उचला" म्हणून ओरडत राहिला, पण कुणी पुढे होईना.

तिकडे पेठेत न्यायाधीश झाडाखाली भाकरी खायला बसले होते. शिपायांनी अडवण्याआधीच येसू पुढे घुसली. कमरेपर्यंत भिजलेली, धापा टाकणारी.

"महाराज! माझी हरकत आहे!"

न्यायाधीशांनी सारं ऐकून घेतलं. मग भुवया उंचावून विचारलं, "पैसे द्यायचे नाहीत म्हणून तर ही पळापळ नाही ना?"

"नाही महाराज. मी घेतलं असेल तर शालू विणून विणून फेडीन. पण मी घेतलं हे त्यांनी दाखवावं. मी घेतलं नाही हे मी कुठून आणून दाखवू? न घेतलेलं रेशीम कुठे ठेवलेलं असतं, महाराज?"

न्यायाधीशांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "नाव कुठे आहे?" ते उठत म्हणाले.

दुपारी विणकरांच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सावकाराला बोलावून आणलं होतं. तो रेशमी उपरण्याने घाम टिपत होता.

"या बाईला तुम्ही उधार दिलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो महाराज."

"हिचं तोंड पाहिलंत?"

"तोंड नाही... नाव ऐकलं."

"कुणाच्या तोंडून?"

सावकाराने राणबाकडे पाहिलं. राणबाने आभाळाकडे पाहिलं.

"पेढीवर रेशीम तोलून कोण देतं? त्याला बोलवा. देणारा हात समोर येऊ दे."

"त्याला कशाला महाराज?" राणबा घाईघाईने म्हणाला. "तो आजारी आहे, उठवत नाही त्याला."

पण शिपाई गेले आणि तो तोलारी चांगला टुणटुणीत चालत आला. त्याने येसूला नीट निरखलं.

"या बाईंना मी आज पहिल्यांदा पाहतोय," तो म्हणाला. "रेशीम तर राणबाभाऊच घेऊन गेले. म्हणाले, येसूबाईनं मागवलंय, तिच्या नावावर घाल. दर खेपेला असंच कुणाचं तरी नाव सांगून नेतात. मला वाटलं, लोकच पाठवत असतील."

राणबा पळाला! गर्दी फोडून तो घाटाकडे धावला, पण मध्ये भागू वल्हं आडवं धरून उभी होती. तो त्यावर असा आदळला की जागीच बसला.

न्यायाधीश सावकाराकडे वळले. "एवढ्या वर्षांत एकदाही तुम्ही विचारलं नाही, घेणारा कोण म्हणून?"

"पैसे येत होते, महाराज," सावकार पुटपुटला.

"येत होते, कारण लोक लाजत होते. तुम्ही त्यांच्या लाजेवर धंदा केलात." मग त्यांनी गर्दीला विचारलं, "असं आणखी कुणाच्या बाबतीत घडलंय?"

मग कुशाबा पुढे आला, सकाळी खिडकी लावणारा तोच.

"मी दिलेत, महाराज. न घेतलेल्या रेशमाचे. शेळ्या विकून दिले. पोरीची सोयरीक जमत होती, बोभाटा नको म्हणून."

"मीही दिलेत," मागून एक बाई म्हणाली. मग आणखी एक हात वर झाला, आणि आणखी एक. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ज्याला त्याला वाटत होतं की हे आपल्या एकट्याचंच दुखणं आहे!

इतक्यात एक हडकुळा विणकर चाचरत म्हणाला, "माझं मात्र खरं आहे हो महाराज. मी घेतलंय. बुडवायचं नाही, पण जमत नाहीये."

गल्ली हसली. न्यायाधीशही हसले, पण निवाडा त्यांनी गंभीरपणे दिला. राणबाला बंदीखान्यात धाडलं. ज्यांनी ज्यांनी खोटं देणं भरलं होतं, त्यांना सावकाराने दुप्पट परत करायचं आणि येसूची भर चौकात माफी मागायची. त्या हडकुळ्या विणकराने आपलं देणं फेडायचं, पण घरातली चूल पेटती राहील अशा बेताने. आणि खऱ्या देणेकऱ्याच्या दारातही कुणी अब्रू काढायला उभं राहायचं नाही.

सावकाराने मान खाली घालून माफी मागितली. येसूने ती ऐकून घेतली आणि ठकूबाईला हात देऊन खड्ड्यातून वर काढलं. म्हातारी अजून मागाला सोडायला तयार नव्हती.

पुढच्या वर्षी गावात एक परका वसुलीवाला आला. त्याने एका नव्या सुनेच्या दारात आवाज चढवला. पोर घाबरली, पदराचं टोक चावत राहिली. मग हळूच, पण स्पष्ट म्हणाली, "कुणाच्या हातून घेतलं मी? त्याला घेऊन या आधी." वसुलीवाल्याने आजूबाजूला पाहिलं. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत माणूस उभा होता. तो आल्या पावली परत गेला.

तात्पर्य: खरं देणं मान ताठ ठेवून फेडावं, पण खोट्या देण्याचा पुरावा बेधडक मागावा, लाजेपोटी जो गप्प बसतो तो चोराचीच झोळी भरतो.