कुड्याची साल
झाडाच्या पाया पडूनच माणसं साल काढत, तेव्हाची ही गोष्ट. लाडक्या भगत पाड्यावरच्या गुरांना औषध द्यायचा. औषधाचं नाव फोडलं की त्याचा गुण जातो, असं तो मानायचा. म्हणून पोटच्या लेकीलाही न सांगता तो मेला.

पुढं त्याच्या ढवळी गाईला हगवण लागली. लेकीनं, सोमीनं, तिला दारातल्या कुड्याच्या झाडाला बांधलं आणि औषध हुडकत रान पालथं घातलं.

कुडा कळवळला, "ढवळे, माझीच साल उगाळून पाजायचा गं तो!"

"ठाऊक आहे. त्याच्या हाताला तुझाच वास यायचा. पण सोमीला सांगणार कोण?"

सोमी रिकाम्या हातानं परतली, तेव्हा ढवळी जीव एकवटून खोड चाटत होती.

"कडूजहर आहे ते, बाय," म्हणत सोमीनं मायेनं दावं वरच्या फांदीला आखूड बांधलं, तिचं तोंड खोडाला पोचू नये म्हणून.

ढवळी गेली. मग तिचं वासरूही हगू लागलं. सोमीनं त्याला त्याच कुड्याला बांधलं, दावं आधीच फांदीला आखूड ठेवून.