सगळ्यात जास्त राबलेला अवयव

साताऱ्याकडच्या एका धावपटू मंडळाची रीत होती: साठ किलोमीटरची घाटशर्यत पुरी करणाऱ्याने अंगावर मंडळाचं चिन्ह गोंदवायचं, पण जागा अध्यक्षांनी ठरवायची. यमुना शेलारला ते मनगटावर हवं होतं, रोज भाकरी थापताना दिसेल असं.

अध्यक्ष बापूसाहेब शर्यतभर जीपमध्ये बसून, नऊ तास भोंग्यातून धावणाऱ्यांना उपदेश करत हिंडले होते. ते म्हणाले, "मनगट कधी धावलं गं? शर्यतीत जो अवयव सगळ्यात जास्त राबला, त्याच्यावरच गोंदायचं. हा माझा शेवटचा शब्द."

"कबूल," म्हणत यमुना सुई घेऊन बसलेल्या गोंदणाऱ्याकडे वळली. "दादा, बापूसाहेबांची जीभ पुसून घ्या."

गोंदणाऱ्याने खरोखरच कापूस उचलला. बापूसाहेबांनी तोंड घट्ट मिटलं आणि मुकाट्याने यमुनाच्या मनगटाकडे बोट दाखवलं.