साकवातली फट

ही पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर दगडी पूल नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. पलीकडच्या काठावर बाजार, देऊळ आणि वैद्य; मध्ये खळाळती नदी. दर वर्षी पाऊस सरला की गावकरी तिच्यावर लाकडी साकव घालत.

त्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक घराने एक ओंडका द्यायचा. ज्या घराचा ओंडका, त्या घराला साकवावरून वाट. प्रत्येक ओंडक्याची जागाही ठरलेली. ते एकमेकांना बांधायचं काम गावच्या सुतारणीचं. तिचे हात चिवट होते, आणि जीभ त्याहून.

एका वर्षी पाटलांनी एक ओंडका बाजूला काढायला लावला. तो गावाच्या टोकाला राहणाऱ्या दोन पुरुषांचा होता. एक उंच, एक बुटका. त्यांचा एकमेकांवर जीव होता, आणि वीस वर्षं ते जोडीने संसार करत होते.

“हे घर नव्हे,” पाटील म्हणाले. “घर म्हणजे नवरा आणि बायको.”

सुतारणीने कपाळाला हात लावला. “मग पाटील, तुमचाही ओंडका काढते. वहिनींना जाऊन बारा वर्षं झाली.”

“माझी गोष्ट वेगळी.”

“आणि त्या दोघी विधवा जावा?”

“त्यांचीही वेगळी.”

“म्हणजे नियम ह्या दोघांसाठीच केलात, असं सरळ सांगा की!”

पाटील ऐकेनात. बरं, ओंडका काढला तर काढला, त्या जागी दुसरा तरी द्यावा. तोही कुणी देईना. “त्यांच्या जागेवर आमचा ओंडका? लोक काय म्हणतील?”

“अरे, लोक म्हणजे तुम्हीच ना!” सुतारीण ओरडली.

शेवटी साकवाच्या मध्यावर पाय जाईल एवढी फट राहिली. चांगली शहाणीसुरती माणसं डोक्यावर बाजाराची ओझी घेऊन तिच्यावरून बेडकासारख्या उड्या मारू लागली. सुतारीण रोज बघे आणि रोज तिचं डोकं फिरे.

एका सकाळी बुटका तापाने फणफणला. उंच माणूस त्याला पाठीवर घेऊन वैद्याकडे निघाला. पाटील धावत आले आणि साकवावर, फटीच्या अलीकडे, वाट अडवून उभे राहिले.

“ओंडका नाही, तर वाट नाही!”

“अहो, अंग भाजतंय त्याचं! त्याला तेवढं पोचवू द्या. मी पोहत परत येतो.”

“मागे हो, मागे!” असं ओरडता ओरडता पाटील स्वतःच दोन पावलं मागे सरले. पाय फटीत गेला आणि नडगी मोडली.

गाव जमला. डोली आली. पण भोई अडले. “खांद्यावर डोली असली की पायाखालचं दिसत नाही. फटीवरून नेणार कशी?”

पाटील कण्हत म्हणाले, “सुतारीणबाई, बसवा त्यांचा ओंडका. सरळमार्गी आहेत बिचारे. त्यांच्यापुरती सूट देऊ.”

सुतारणीने काठावर पडलेला ओंडका कधीच ओढून आणला होता. हात दोर आवळत होते, आणि तोंडही थांबलं नाही. “सूट? आणि उद्या तुमचा पाय बरा झाला की सूट संपली? सरळमार्गी आहेत म्हणे! तुमचा भाऊ अख्ख्या गावाशी भांडतो, त्याचा ओंडका काढलात कधी? हे दोघे भांडकुदळ असते, तुम्हाला त्यांच्या ओंडक्याची गरज पडली नसती, तरी वाट त्यांची होतीच! ज्या छपराखाली माणसं राहतात, ते घर. कोण कुणाबरोबर राहतं, ते विचारायचं नाही. बोला, सगळ्यांदेखत बोला.”

पाटील खाली मान घालून बोलले. शब्द न् शब्द बोलले.

शेवटची गाठ बसली. भोयांनी डोली उचलली, तशी सुतारीण आडवी आली. “थांबा. आधी तो जाईल. तो तुमच्याआधीपासून खोळंबलाय.”

उंच माणूस बुटक्याला घेऊन पुढे गेला. त्याच्या मागून, त्याच्याच ओंडक्यावरून, पाटलांची डोली गेली.

बुटका चार दिवसांत बरा झाला. पाटलांची नडगी जुळायला उन्हाळा उजाडला. पुढच्या वर्षी साकव घालताना कुणाचाच ओंडका कुणी बाजूला काढला नाही. सुतारणीने मधल्या ओंडक्याची गाठ मात्र दोनदा आवळली.

मुलांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा, एवढं लक्षात ठेवा: माणसाचा हक्क ही आपण त्याला दिलेली सूट नसते.